प्रतिस्पर्धी विद्यापीठांच्या क्रीडा-निधीची तुलना कशी करावी

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने 30 जून 2022 रोजी पॅक-12 ही जुनी कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, सोडून बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाण्याचे जाहीर केले. त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या छत्राखालील थोरले भावंड, बर्कली, मागे राहिले. पुढे बर्कलीला अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये जागा मिळाली. मात्र पहिली सात वर्षे दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातील पूर्ण वाट्याच्या केवळ 30 टक्के रक्कम घेण्याच्या अटीवर. अखेर दोन्ही विद्यापीठांच्या सामाईक नियामक मंडळाने मे 2024 मध्ये यूसीएलएने बर्कलीला तीन वर्षे दरसाल 1 कोटी डॉलर द्यावेत असे ठरवले. कोणी याला न्याय म्हटले, कोणी दंड म्हटले. दोन्ही संस्थांत मराठी घरांतील मुले शिकतात आणि त्यांच्या पालकांतही हा वाद होतो. तो अंदाजावर न राहता कागदांवर यावा, यासाठी असे हिशेब कोठे मिळतात, कसे वाचावेत आणि नियमभंगाचा संशय आल्यास काय करावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

सर्वप्रथम दोन प्रश्न वेगळे करावेत. एका विद्यापीठाकडे दुसऱ्यापेक्षा अधिक पैसा आहे, हा विषमतेचा प्रश्न आहे. एखाद्या विद्यापीठाने ठरलेली मर्यादा ओलांडली, हा नियमभंगाचा प्रश्न आहे. प्रतिस्पर्ध्यांनी सारखाच खर्च करावा असे सांगणारा कोणताही कायदा अमेरिकेत नाही. टायटल नाईन हा 1972 चा कायदा समानता मागतो, पण ती एकाच संस्थेतील स्त्रिया आणि पुरुष यांच्यातील. दोन संस्थांमधील नव्हे. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या राष्ट्रीय संघटनेचे नियम पूर्वी प्रत्येक खेळातील शिष्यवृत्त्यांची संख्या बांधून देत असत. 6 जून 2025 रोजी न्यायालयाने खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या ‘हाऊस’ खटल्यातील तडजोड मंजूर केली आणि चित्र बदलले. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांना आता खेळाडूंना थेट पैसे देता येतात; 2025-26 साठी त्याची कमाल मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर आहे. शिष्यवृत्त्यांच्या संख्येऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली असून अमेरिकन फुटबॉलमध्ये पूर्वी 85 शिष्यवृत्त्या होत्या, तेथे आता 105 खेळाडूंची मर्यादा आहे. ही छते आहेत, तळ नव्हेत. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने त्या मर्यादेपर्यंत खर्च करावा असे कोणी म्हणत नाही, आणि नेमक्या याच जागी श्रीमंत आणि गरीब प्रतिस्पर्ध्यांतील अंतर कायदेशीरपणे वाढू शकते.

आता कागद मिळवावेत. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर क्रीडा-समानता प्रकटीकरण कायद्याखालील अहवाल विनामूल्य मिळतात. संघराज्य सरकारचे विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या आणि आंतरमहाविद्यालयीन संघ चालवणाऱ्या प्रत्येक सहशिक्षण संस्थेला, मग ती खाजगी असली तरी, दरवर्षी 15 ऑक्टोबरपर्यंत हा अहवाल द्यावा लागतो. त्यात खेळानुसार खेळाडूंची संख्या, प्रशिक्षकांचे वेतन, खेळाडू-भरतीचा खर्च आणि क्रीडा-साहाय्य स्त्री-पुरुष विभागणीसह दिलेले असते. मात्र अहवाल मागील आर्थिक वर्षाचा असतो, त्यामुळे जुलै 2025 पासून सुरू झालेल्या थेट मोबदल्याचे पहिले पूर्ण वर्ष 2026 च्या शरद ऋतूतील अहवालातच दिसू शकते. आजच्या भांडणाला कालचा आकडा लावण्याची चूक येथेच होते.

या अहवालातील एकूण उत्पन्नावर विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक संस्थांच्या अहवालांत उत्पन्न आणि खर्च अगदी डॉलरपर्यंत जुळलेले दिसतात. विद्यापीठाने तूट भरून काढण्यासाठी दिलेली रक्कमसुद्धा उत्पन्नातच धरली जाते, म्हणून हे आकडे जुळतात. खरी माहिती एनसीएएला दरवर्षी सादर होणाऱ्या सविस्तर आर्थिक अहवालात असते. सार्वजनिक विद्यापीठाकडून तो राज्याच्या अभिलेख कायद्याखाली मागता येतो. कॅलिफोर्नियात अर्ज करण्यासाठी नागरिकत्वाची किंवा राज्यात राहण्याची अट नाही, आणि माहिती देणार की नाही हे संस्थेने 10 दिवसांत कळवायचे असते; विशेष कारण असल्यास ही मुदत 14 दिवसांनी वाढते. आपल्याकडील माहिती अधिकार कायद्यात 30 दिवस असतात, त्या सवयीच्या वाचकाला हे वेगवान वाटेल, पण 10 दिवस उत्तराचे आहेत, कागद हाती येण्याचे नव्हेत. व्हर्जिनियात अर्जाचा हक्क मुख्यतः त्या राज्याच्या नागरिकांपुरता आहे, म्हणून राज्य बदलले की आधी नियम वाचावा. स्टॅनफर्ड, यूएससी, नोत्र दाम अशा खाजगी विद्यापीठांना हे कायदे लागू होत नाहीत; त्यांच्याशी तुलना करताना शिक्षण विभागाच्या अहवालावरच थांबावे लागते. अर्जात ‘क्रीडा विभागाचे सर्व कागद’ असे मोघम न लिहिता ‘2023-24 चा एनसीएए सदस्य आर्थिक अहवाल आणि त्यासोबतचा स्वतंत्र लेखापालाचा अहवाल’ असे नेमके लिहावे. हा लेखापालाचा अहवाल संपूर्ण लेखापरीक्षण नसतो, तर ठरावीक बाबींची ठरवून दिलेल्या पद्धतीने केलेली पडताळणी असते, हेही ध्यानात ठेवावे.

अहवाल हाती आला की एकूण रकमेकडे न जाता उत्पन्नाच्या ओळी दोन गटांत लिहाव्यात. तिकीटविक्री, दूरचित्रवाणी हक्क, कॉन्फरन्सकडून आलेला वाटा, देणग्या आणि प्रायोजकत्व हे क्रीडा विभागाने मिळवलेले पैसे. विद्यार्थी-शुल्क, विद्यापीठाचे थेट साहाय्य, राज्य सरकारचा निधी आणि विद्यापीठाने परस्पर भरलेला अप्रत्यक्ष खर्च हे इतरांनी दिलेले पैसे. दुसऱ्या गटाला एकूण उत्पन्नाने भागले की विभाग कोणाच्या खिशावर चालतो ते कळते. हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या विद्यार्थ्याने कधी मैदानाची पायरीही चढलेली नाही त्याच्या शुल्कातून एखादा संघ उभा असेल, तर न्यायाचा पहिला प्रश्न प्रतिस्पर्ध्याशी नव्हे, त्या विद्यार्थ्याशी आहे. व्हर्जिनिया राज्याने अशा साहाय्याच्या प्रमाणावर कायद्यानेच मर्यादा घातली आहे.

यूसीएलएकडून बर्कलीला येणारे 1 कोटी डॉलर या दोन गटांत कोठे बसवावेत? ते बर्कलीच्या संघांनी मिळवलेले नाहीत आणि बर्कलीच्या विद्यार्थ्यांनीही दिलेले नाहीत. माझ्या मते त्यांना तिसऱ्या रकान्यात ठेवावे आणि तुलना त्या रकमेसह व त्या रकमेविना, अशी दोनदा करावी. स्टेडियमच्या कर्जाबाबतही अशीच दक्षता हवी. बर्कलीचे मेमोरियल स्टेडियम हेवर्ड भूकंप-भ्रंशावर उभे आहे. त्याची भूकंपरोधक पुनर्बांधणी होऊन ते 2012 मध्ये पुन्हा उघडले आणि मोठे कर्ज क्रीडा विभागावर आले. पुढे विद्यापीठाने त्या कर्जाचा काही भाग स्वतःकडे घेतला. कर्ज एका खात्यातून दुसऱ्यात गेले की विभागाची तूट कागदावर घटते, संस्थेचे देणे मात्र तेवढेच राहते. म्हणून कर्जफेडीच्या ओळीत एका वर्षात मोठी घट दिसली तर काटकसरीचे कौतुक करण्यापूर्वी ते कर्ज कोठे गेले ते विचारावे.

खर्चाच्या बाजूने आणखी एक फसवी जागा शिष्यवृत्तीची आहे. सार्वजनिक विद्यापीठात परराज्यातील विद्यार्थ्याचे शुल्क राज्यातील विद्यार्थ्यापेक्षा बरेच अधिक असते. त्यामुळे दोन संघांत तितक्याच पूर्ण शिष्यवृत्त्या असल्या तरी जिथे बाहेरचे खेळाडू अधिक तिथला खर्च अधिक दिसतो. तसेच खेळांची संख्या पाहावी. बर्कली सुमारे 30 संघ चालवते, आणि तेवढे संघ चालवणाऱ्या संस्थेचा प्रतिखेळाडू खर्च केवळ फुटबॉल-बास्केटबॉलवर भर देणाऱ्या संस्थेशी सरळ ताडून चालत नाही.

एवढे करूनही काही पैसा या कागदांत सापडत नाही. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपले नाव आणि चेहरा जाहिरातीसाठी वापरू देऊन मोबदला घेता येतो, आणि चाहत्यांनी उभारलेल्या ‘कलेक्टिव्ह’ संस्थांनी त्या वाटेने दिलेली रक्कम विद्यापीठाच्या हिशेबात येत नाही. हाऊस तडजोडीनंतर 600 डॉलर किंवा त्याहून मोठा असा बाहेरचा करार खेळाडूने ‘एनआयएल गो’ (एनआयएल म्हणजे नाव, चेहरा आणि ओळख यांच्या वापराचा मोबदला) या व्यवस्थेत नोंदवावा लागतो, आणि कॉलेज स्पोर्ट्स कमिशन ही नवी संस्था त्यावर व थेट मोबदल्याच्या मर्यादेवर देखरेख करते. भारतातून एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्या खेळाडूने मात्र अशा कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोललेच पाहिजे; एनसीएएने मुभा दिली म्हणून व्हिसाच्या रोजगारविषयक अटी शिथिल होत नाहीत, आणि चूक झाली तर हानी संघाची नव्हे, त्या मुलाची होते.

टायटल नाईनची प्राथमिक चाचणी घरी बसून करता येते. समजा, एका संस्थेत 55 टक्के विद्यार्थी स्त्रिया आहेत, 400 खेळाडूंपैकी 180 स्त्रिया आहेत आणि क्रीडा-साहाय्यातील 42 टक्के रक्कम स्त्रियांना मिळते. खेळाडूंमध्ये स्त्रियांचा वाटा 45 टक्के झाला. साहाय्याचा वाटा या 45 टक्क्यांशी ताडायचा असतो आणि त्यात एका टक्क्याहून अधिक अंतर असेल तर संस्थेला योग्य कारण द्यावे लागते. येथे ते अंतर तीनचे आहे. 55 आणि 45 यांतील अंतर ही वेगळी, संधीची बाब आहे. तिच्यासाठी 1979 च्या धोरणात तीन पर्याय आहेत: प्रमाणशीर सहभाग, स्त्रियांसाठी संघ वाढवत नेल्याचा सलग इतिहास, किंवा स्त्रियांच्या आवडीची आणि क्षमतेची पूर्ण दखल. यांपैकी एक पुरेसा असल्याने केवळ प्रमाण चुकले म्हणून कायदा मोडला असे म्हणता येत नाही. खेळाडूंची संख्या मोजताना स्त्रियांच्या संघाबरोबर सराव करणारे पुरुष शिक्षण विभागाच्या अहवालात त्या संघात धरले जातात, म्हणून तळटिपा वाचून ते वजा करावेत.

नियमभंगाचा आरोप तपासताना पहिला प्रश्न तारखेचा असावा. यूएससीच्या रेजी बुश या खेळाडूने स्वीकारलेल्या लाभांवरून 2010 मध्ये त्या विद्यापीठाला 30 शिष्यवृत्त्या आणि दोन वर्षांचे हंगामोत्तर सामने गमवावे लागले. काळ बदलला म्हणून 2024 मध्ये त्याची हाइजमन ट्रॉफी (सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा पुरस्कार) परत मिळाली, तरी आपल्या काळाच्या नियमांनुसार तो नियमभंगच ठरला होता. दुसरा प्रश्न पातळीचा. एनसीएए नियमभंगाच्या तीन पातळ्या मानते. तिसऱ्या पातळीत एखाद्या प्रशिक्षकाने चुकीच्या वेळी पाठवलेल्या संदेशासारख्या किरकोळ गोष्टी येतात. प्रतिस्पर्ध्याने वर्षभरात अशा बऱ्याच चुका स्वतःहून कळवल्या, याचा अर्थ तो लबाड आहे असा नाही. त्याचे कम्प्लायन्स ऑफिस, म्हणजे नियमपालनावर लक्ष ठेवणारे कार्यालय, जागे आहे, असा तो बहुधा असतो. एकही चूक न कळवणाऱ्या मोठ्या विभागाबद्दल मला अधिक शंका वाटते.

संशय टिकून राहिला तर योग्य दार ठोठावावे. आपल्या संस्थेतील चूक आधी तिथल्या कम्प्लायन्स ऑफिसला कळवावी. दुसऱ्या संस्थेबद्दलची माहिती तिची कॉन्फरन्स किंवा एनसीएएचा अंमलबजावणी विभाग यांच्याकडे द्यावी, आणि मोबदल्याच्या मर्यादेचा किंवा संशयास्पद कराराचा विषय कॉलेज स्पोर्ट्स कमिशनकडे न्यावा. स्त्री-पुरुष भेदभावाची तक्रार शिक्षण विभागाच्या नागरी हक्क कार्यालयाकडे कोणीही करू शकते. तक्रारदार स्वतः पीडित असण्याची अट नाही, परंतु सामान्यतः घटनेपासून 180 दिवसांच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे. अर्जात संस्थेचे नाव, आर्थिक वर्ष, अहवालातील ओळ, तेथील आकडा आणि मोडलेला नियम एवढेच असावे. एखाद्या विद्यार्थ्याच्या साहाय्याचे किंवा गुणांचे तपशील हाती आले असतील तर ते जाहीर करू नयेत. ती खाजगी शैक्षणिक नोंद आहे, आणि ती समाजमाध्यमांवर टाकल्याने बिचारा अठरा-एकोणीस वर्षांचा खेळाडू विनाकारण भरडला जातो.