घोटा मुरगळल्यावर काय करावं : पहिल्या दिवसापासून पुन्हा मैदानात उतरेपर्यंत

खो-खोत खांबाला वळसा घालताना, गड उतरताना सुट्या दगडावर किंवा साधं बसमधून उतरताना पाय आत वळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला कळ उठते. त्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, असतात. पाऊल खाली झुकलेलं आणि आत वळलेलं असलं की सगळ्यात आधी ताण बसतो पुढच्या लिगामेंटला, म्हणून बहुतेकदा तेच दुखावतं. नुसतं ताणलं असेल तर एक ते तीन आठवडे, अर्धवट फाटलं असेल तर तीन ते सहा, पूर्ण तुटलं असेल तर तीन महिने किंवा जास्तही लागतात. पूर्ण तुटलेलं लिगामेंटसुद्धा बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय भरून येतं, पण व्यायाम अर्ध्यावर सोडून चालत नाही.

आधी हाड तपासा

कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 साली मांडलेले नियम आजही वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड टोकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबून पाहा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध लागणारा उंचवटा आणि आतल्या बाजूला घोट्याच्या जरा पुढचं हाड दाबा. यापैकी कुठेही हाडावरच दुखत असेल, किंवा लंगडतही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल किंवा दुखापत लहान मुलाला असेल, तर या तपासणीवर विसंबू नका, थेट डॉक्टर गाठा. घोट्याच्या वर, नडगीच्या खालच्या भागात दुखत असेल आणि पोटरी दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तिथेच कळ येत असेल, तर ती वेगळी दुखापत आहे. ती भरायला जास्त वेळ घेते आणि खालचं वेळापत्रक तिला लागू होत नाही.

पहिले दोन-तीन दिवस

बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. बर्फाने वेदना कमी होते, लिगामेंट लवकर भरतं असं नाही. त्यामुळे तासन्‌तास बर्फ धरून बसण्यात अर्थ नाही. झोपताना पायाखाली दोन उशा घ्या, पाय छातीपेक्षा वर राहिला पाहिजे.

क्रेप बँडेज 10 सेंटिमीटर रुंदीचं घ्या. बोटांच्या मुळापासून सुरुवात करा. पट्टी आतल्या बाजूने तळव्याखालून बाहेर आणि तिथून वर ओढा, म्हणजे पावलाची बाहेरची कड उचलून धरली जाते. उलट दिशेने गुंडाळलं तर दुखरी बाजू आणखी ताणली जाते, आणि घरी बांधताना नेमकी हीच चूक होते. घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत वर जा. नंतर त्याच पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही किंवा बोटांना मुंग्या आल्या तर बँडेज सैल करा. रात्री सोडून ठेवा.

मालीश, गरम शेक आणि पाय ओढून ‘बसवून’ घेणं या दिवसांत नकोच. काही सरकलेलंच नसतं, मग बसवायचं काय? ओढाताणीने फाटलेले तंतू आणखी फाटतात आणि सूज वाढते.

हालचाल लवकर सुरू करा

दुखणं सोसेल त्या बेताने दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाऊल वर-खाली हलवा, दर तासाला 15-20 वेळा. मग अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा, पण गुडघा स्थिर ठेवून. चालताना काठी चांगल्या पायाच्या हातात धरा, पावलं आखूड टाका आणि टाच आधी टेकवा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी तीनपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशीचा व्यायाम निम्मा करा, बंद करू नका.

आपल्याकडे एक गोष्ट हटकून विसरली जाते. मांडी घालून बसलं की पाऊल खाली झुकतं आणि आत वळतं, म्हणजे लिगामेंट ज्या स्थितीत फाटलं त्याच स्थितीत ताणून धरलं जातं. वज्रासनातही पाऊल पूर्ण खाली ताणलं जातं. पहिले सहा आठवडे खुर्चीवर जेवा.

ताकद

साधारण दुसऱ्या आठवड्यापासून रबरी व्यायामपट्टा वापरा. तो दुखऱ्या पावलाच्या चवड्याभोवती अडकवा, दुसरं टोक आतल्या बाजूला टेबलाच्या पायाला बांधा आणि पाऊल बाहेर वळवा. परत येताना तीन सेकंद लावा. बारा वेळा, तीन फेऱ्या. गुडघा आणि मांडी फिरवून पट्टा ताणला जात असेल तर पोटरीच्या बाहेरच्या स्नायूंना काही कामच होत नाही, आणि पाय आत वळताना सावरतात तेच स्नायू. भिंतीला हात टेकून टाचा उचलण्याचा व्यायाम आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर करा. दुसऱ्या पायाला जितक्या वेळा जमतं तितकं याही पायाला जमलं पाहिजे.

तोल

सूज उतरली, दुखायचं थांबलं की बहुतेक जण इथे व्यायाम सोडतात, आणि अनेकदा तोच घोटा पुन्हा मुरगळतो. पाऊल कुठे, किती वळलंय ही खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकं लिगामेंटमध्येच असतात. तीही दुखावतात, आणि वेदना गेली म्हणून ती आपोआप सुधारत नाहीत.

स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी अनवाणी, एका पायावर 30 सेकंद उभे राहा, तीन वेळा. बोटांनी फरशी घट्ट धरू नका, कंबर एका बाजूला लटकू देऊ नका. जमलं की मान डावी-उजवीकडे फिरवत, मग डोळे मिटून, मग उशीवर, शेवटी कुणीतरी टाकलेला चेंडू झेलत. रोज पाच-सात मिनिटं, निदान सहा आठवडे.

मैदानात कधी?

भिंतीकडे तोंड करून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा भिंतीपासून किती दूर ठेवता येतो ते मोजा. दोन पायांत 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पोटरी ताणण्याचा व्यायाम वाढवा, नाहीतर उकिडवं बसणं आणि उतार उतरणं दोन्ही अडेल. त्यानंतर सरळ पळणं, मग आठच्या आकारात पळणं, एका पायावर उड्या, आणि या सगळ्यात घोटा दगा देत नसेल तरच कबड्डी, फुटबॉल किंवा ट्रेक. खेळताना पहिलं वर्षभर लेसवाला घोट्याचा ब्रेस घाला. त्याने घोटा कमजोर होतो हा गैरसमज आहे.

तीन महिने नेटाने व्यायाम करूनही सपाट रस्त्यावर पाय वळत असेल, सांधा अडकत असेल किंवा आत खोलवर दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एमआरआय करावा का ते विचारा. कधीकधी सांध्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) किंवा घोट्यामागचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) हेही त्याच वेळी दुखावलेले असतात, आणि ते एक्स-रेत दिसत नाही.