लोकलमध्ये फोनवर कॉमिक्स वाचताना
विरार ते चर्चगेट प्रवासात फोनवर कॉमिक्स वाचायचे असेल, तर फाइल आदल्या रात्रीच घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवावी, कारण गर्दीच्या वेळी नेटवर्क अडखळले की पान अर्धवटच उमटते. कॉमिक्सची सीबीझेड (.cbz) फाइल म्हणजे खरे तर चित्रे एकत्र बांधलेली साधी झिप फाइल; वाचनाचे ॲप नसले तरी नावाच्या शेवटी ‘.cbz’च्या जागी ‘.zip’ केल्यास ती उघडते. छापील आकाराचे पान उभ्या फोनवर पूर्ण मावते खरे, पण संवादांच्या फुग्यांतली अक्षरे मुंगीएवढी होतात. म्हणून फोन आडवा धरावा, पान पडद्याच्या रुंदीइतके बसवावे आणि चौकट न् चौकट सावकाश वरून खाली सरकवत वाचावी, कारण चित्रातले बारकावे तेव्हाच दिसतात. एका हाताने कडी धरून उभे असाल, तर ऑटो-रोटेट बंद ठेवावे. जपानी मांगा, म्हणजे तिथली कॉमिक्स, उजवीकडून डावीकडे वाचतात, हेही लक्षात असावे.