सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी महागडा फोन घेण्यापूर्वी

दुकानात जाण्यापूर्वी पसंतीच्या दोन-तीन फोनांची केवळ नावे नव्हे, तर पूर्ण मॉडेल क्रमांक टिपून घ्यावेत, कारण एकाच नावाचा फोन देशागणिक वेगळा निघू शकतो. अमेरिकेतील नातेवाइकांकडून आयफोन मागवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की २०२२च्या आयफोन १४पासून तिकडे विकल्या जाणाऱ्या फोनांना सिमकार्डाची जागाच नसते. तेव्हा आपली मोबाइल कंपनी ई-सिम (कार्डाविना, फोनमध्येच बसवलेले सिम) देते का, हे आधी विचारावे. फाइव्ह-जीच्या बँडमध्ये, म्हणजे फोन पकडतो त्या लहरींच्या पट्ट्यांमध्ये, एन ७८ असतोच, पण जिओच्या ग्राहकांनी ७०० मेगाहर्ट्झचा एन २८ही यादीत आहे याची खात्री करावी, कारण गावाकडे दूरवर पोहोचते ती हीच लहर.

खरा वेळ द्यावा तो स्थाननिश्चितीला. 'जीपीएस आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. उपग्रह ज्यांवर संदेश पाठवतात त्या एल १ आणि एल ५ या दोन्ही वारंवारता फोन घेतो का, ते पाहावे. घळीत उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून उशिरा येतो आणि नकाशावरचा ठिपका भलतीकडे सरकतो; एल ५च्या संदेशात सरळ आलेली आणि परावर्तित लहर अधिक स्पष्टपणे वेगळी करता येते. आयफोन १५ प्रोमध्ये ही सोय नाविक या भारतीय उपग्रह प्रणालीसह आहे, साध्या १५मध्ये नाही, आणि माझ्या मते डोंगरात जाणाऱ्यासाठी हा फरक कॅमेऱ्याच्या फरकाहून मोठा आहे.

वायुभारमापक आहे का, हेही तपासावे. साधारण आठ-नऊ मीटर चढले की हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, त्यावरून फोन चढ मोजतो. मात्र पावसाळी हवेतही दाब बदलत असल्याने पायथ्याच्या गावाची उंची माहीत करून घेऊन तिथे आकडा जुळवावा. होकायंत्र वापरायचे असेल तर चुंबकाचे कव्हर घेऊ नये.

अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे जवळच्या वस्तूचे अंतर व दिशा दाखवणारी रेडिओ सोय, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २४ प्लस आणि अल्ट्रामध्ये आहे, साध्या एस २४मध्ये नाही. हरवलेली किल्ली शोधण्यापलीकडे भटक्याला त्याचे फारसे काम नाही. चित्रफिती उतरवून घेणाऱ्यांनी यूएसबीचा वेग पाहावा: आयफोन १५ला सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रोला १० गिगाबिट, पण त्यासाठी वेगळी केबल लागते, खोक्यातली पुरत नाही.

शेवटी दुकानदाराच्या परवानगीने अँड्रॉइड फोन उघड्या आकाशाखाली नेऊन 'जीपीएसटेस्ट' ॲपमध्ये एल ५ दिसते का, ते पाच मिनिटे थांबून पाहावे.