इंग्रजीच्या तासाला चहाला 'नको' म्हणायलाही शिकवा

इंग्रजीच्या क्लासमध्ये कल्चर म्हटलं की आपल्याकडे एक तास ख्रिसमस, एक तास बिग बेन आणि लाल बस, झालं. मुलं फोटो बघून खूश होतात आणि तीच मुलं पुढे पुण्याच्या हिंजवडीत आयटी कंपनीत कॉलवर समोरच्याने 'हाऊ आर यू' म्हटलं की एकतर सर्दी-खोकल्याची सगळी हकीगत सांगतात नाहीतर गप्प बसतात. सण शिकवा की, पण नंतर. आधी कोण कोणाला कधी काय बोलतं ते घ्या.

सुरुवात मराठीतूनच करा, हो, इंग्रजीच्याच तासाला. दोघांना उभं करायचं, एक यजमान एक पाहुणा, घर कोथरूडमधलं. "चहा टाकू ना?" "अहो नको नको, आत्ताच झालाय." "असं कसं, घोटभर तरी." "बरं, अर्धा कप चालेल." इथे कोणीतरी 'चहा घेऊनच आला असाल' हा पुणेरी जोक हमखास मारतो, मारू द्या. मग वर्गाला विचारा, पहिला नको खरा होता का? सगळे हसतात, कारण नियम सगळ्यांना माहितीये पण कोणी कधी शिकवलेला नाही. आता तोच सीन इंग्लंडमधल्या घरात करायला लावा. तिथे 'नो थँक्स' म्हटलं की बहुतेक वेळा विषय संपला, चहा येत नाही, आणि यात यजमान कंजूष वगैरे नसतो, तो तुमच्या नाहीला मान देत असतो. म्हणून हवा असेल तर पहिल्याच वेळी 'येस प्लीज'. मग उलटं करा, आपला विद्यार्थी यजमान, समोरचा नाही म्हणाला, तर आग्रह किती करायचा? यावर वर्गात जी वादावादी होते ना त्यात व्याकरणाच्या तासापेक्षा जास्त इंग्रजी बोललं जातं. अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

याच पद्धतीने गप्पा घ्या. पीएमपीच्या बसमध्ये शेजारच्या काकू दोन स्टॉपमध्ये तुमचं गाव, नोकरी, लग्न सगळं काढून घेतात आणि आपल्याला त्यात आपुलकी वाटते, पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला पहिल्याच भेटीत पगार, वय, लग्न विचारलं तर तो अवघडतो, तिथे हवामान, वीकेंड, प्रवास यावर बोलतात. हे सांगताना 'ते सुधारलेले आपण मागासलेले' असा सूर अजिबात नको, काकू चूक नाहीत, फक्त बस वेगळी आहे.

मेल लिहिताना 'रिस्पेक्टेड सर' कुठे चालतं आणि कुठे बॉसला सरळ नावानेच हाक मारतात हेही करून घ्या. तारखा आणि मजले दहा मिनिटांत होतात: 5/11 म्हणजे आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये 5 नोव्हेंबर पण अमेरिकेत 11 मे, आणि ब्रिटनचा फर्स्ट फ्लोअर आपल्यासारखाच पहिला मजला, अमेरिकेत मात्र तो सहसा तळमजला. याच 5 नोव्हेंबरला ब्रिटनमध्ये फटाके उडवतात, 1605 साली पार्लमेंट उडवायचा कट फसला म्हणून, दिवाळीच्या आसपास सांगितलं तर मुलांना मजा येते.

आणि एक, इंग्रजी म्हणजे फक्त गोरे लोक असं करू नका. पुण्यातल्या ऑफिसात इंग्रजी बोलायचं असतं ते बरेचदा चेन्नईच्या किंवा कोलकात्याच्या माणसाशी, त्यामुळे मधूनमधून समोरचं पात्र बदलत राहा.

परीक्षेत राजधानी, राजाचं नाव असलं काही विचारू नका. प्रसंग द्या: मॅनेजरने शुक्रवारी संध्याकाळी काम दिलंय, तुम्हाला गावाला जायचंय, नाही म्हणा. मग तोच नकार मित्राला द्या. दोन्ही वाक्यं सारखीच आली तर मार्क कापा, स्पेलिंग बरोबर असलं तरी.