मुलाच्या छातीत शिट्टी वाजते? या चुका टाळा

लालबागच्या आमच्या चाळीत जूनमध्ये भिंतींना ओल धरली की माझ्या लेकाच्या छातीत सूं-सूं सुरू व्हायचं. श्वास सोडताना येणारा हा बारीक शिट्टीसारखा आवाज म्हणजे आतल्या नळ्या सुजून अरुंद झाल्याची खूण. नाक चोंदल्याची घरघर वेगळी, ती नाक साफ केलं की कमी होते.

सगळ्यात मोठी चूक मी दम्याचा पंप, म्हणजे इन्हेलर, देताना केली. तोंडात धरून सरळ दाबायचे, तेही दोनदा लागोपाठ. औषध जिभेवर आणि घशातच राहायचं. डॉक्टरांनी "कसा देता ते करून दाखवा" म्हटलं, तेव्हा कळलं. पंप हलवायचा, स्पेसरला (पंप आणि मास्कच्या मधली प्लॅस्टिकची पोकळ नळी) लावायचा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवायचा, एकदाच दाबायचा आणि पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्यायचे. दुसरा पफ पुन्हा हलवून. मूल रडत असेल तर औषध फारसं आत जात नाही. आधी मांडीवर घ्या, शांत करा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन आपोआप वाळू द्या. मी टॉवेलने पुसायचे. तसं घासलं की औषध आत पोहोचण्याऐवजी प्लॅस्टिकलाच चिकटतं.

"पंपाची सवय लागते" हे शेजारच्या काकूंपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. सवय लागत नाही. धाप लागल्यावर द्यायचा सालब्युटामॉल काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतो. रोजचा प्रतिबंधक पंप सूज हळूहळू उतरवतो. मूल हसत-खेळत आहे म्हणून तो आपल्या मनाने बंद करू नका. तो दिल्यावर चूळ भरायला लावा.

उरलेल्या खोकल्याच्या बाटलीतून चमचाभर देणं, प्रत्येक वेळी अँटिबायोटिक मागणं, उकळत्या पातेल्याची वाफ देणं: तिन्ही सोडा. वाफेने मुलं भाजतात. मच्छर अगरबत्ती, धूप आणि घरातली विडी-सिगारेट बंद. खिडकीतली कबुतरांची विष्ठा ओली करून, तोंड बांधून काढा.

शेंगदाणा किंवा चणा खाताना ठसका लागून अचानक शिट्टी वाजू लागली, तर दमा समजून पंप देत बसू नका. दाणा श्वासनलिकेत अडकला असू शकतो, लगेच रुग्णालय गाठा.

आणि आवाज थांबला म्हणजे बरं वाटलं, असं धरून चालू नका. सदरा वर करून बघा. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बोलताना शब्द तुटतायत, ओठ निळसर दिसतायत आणि छाती मात्र गप्प आहे, तर हवा आत जातच नाहीये. लगेच १०८ लावा, आणि गाडी येईपर्यंत डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे स्पेसरने सालब्युटामॉल देत राहा.