काळी माती, नाल्याकाठ, गावठाणातली अरुंद जागा: घर बांधताना या चुका टाळा

"वावरात जशा भेगा पडतात, तशाच घरात पडल्या न, सायेब." वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी काकांनी मला हे ऐकवलं, त्याला बरीच वर्षं झाली. घर मी काढलेल्या नकाशाप्रमाणे बांधलेलं होतं. कॉलम, बीम, लोखंड, सिमेंट यात कुठे कसर नव्हती. तरी तिसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराचा कोपरा खचला आणि खिडकीच्या कोनातून तिरपी भेग थेट स्लॅबपर्यंत गेली. मी घराचा विचार केला होता, पण घराखालच्या मातीचा आणि घराभोवती फिरणाऱ्या पाण्याचा नाही. त्यानंतर गावाकडच्या प्रत्येक घराचा नकाशा काढण्याआधी मी एकच गोष्ट शोधतो: इथे पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुठे जातं.

माती न बघता पाया ठरवणं

विदर्भातली कापसाची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. हे तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकण खनिजामुळे होतं. मे महिन्यात वावरातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण तीच माती घराखालीही तेच करणार, हे बांधताना कुणाच्या डोक्यात येत नाही. मिस्त्री म्हणतो, "चार फूट खोदू, डबर भरू, वर बीम टाकू." चार फुटांवर मुरूम लागला तर हे ठीक आहे. नाही लागला तर पाया नेमका सर्वांत जास्त हलणाऱ्या थरात बसतो.

म्हणून आधी दहा फुटांचा एक खड्डा घ्या. शक्यतो एप्रिल-मे मध्ये घ्या, म्हणजे भेगा किती खोल जातात ते डोळ्यांनी दिसतं. पायाच्या खोलीवरची माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळून घ्या. दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करा, काचेच्या दोन मापपात्रांत टाका, एकात शंभर मिलिलिटरपर्यंत पाणी भरा आणि दुसऱ्यात तितकंच केरोसिन. चांगलं ढवळून चोवीस तास ठेवा. केरोसिनमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती केरोसिनमधल्या मातीपेक्षा पन्नास टक्क्यांहून जास्त जागा घेत असेल तर साधा पाया विसरा आणि इंजिनिअरकडून प्रयोगशाळेचा अहवाल मागवा. ही चाचणी भारतीय मानकातलीच आहे, गावात अंदाज घ्यायला पुरेशी आहे आणि तिला खर्च जवळपास काहीच नाही.

पुढे काय करायचं ते खड्डाच सांगतो. मुरूम सहा-सात फुटांत असेल तर पाया मुरमात रुतवा, मध्ये सोडू नका. मुरूम फारच खाली असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगा असलेले खांब, हा खात्रीचा मार्ग आहे. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच रुळवली. साधारण साडेतीन मीटर खोल भोक पाडतात आणि तळाशी ते खांबाच्या अडीचपट रुंद करतात. वरची माती कितीही फुगो, खांब खालच्या स्थिर थरात अडकून राहतो.

इथे एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. अशा खांबांवरच्या बीमच्या खाली सुमारे आठ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवायची असते, म्हणजे फुगलेल्या मातीला वर यायला वाव मिळतो. रात्री गडी माणसं निघून जातात आणि सकाळी कुणीतरी "पोकळ दिसते" म्हणून त्यात माती कोंबतं. मग पहिल्याच पावसाळ्यात माती बीमला वर ढकलते आणि खांबांवर केलेला सगळा खर्च वाया जातो. ती जागा शाबूत आहे की नाही हे घरमालकाने स्वतः वाकून बघावं.

दुसरी तशीच चूक म्हणजे खोदताना निघालेली काळी माती जोत्यात भरणं. ती फुकट असते आणि तिथेच पडलेली असते, म्हणून भरली जाते. मग बैठकीतली फरशी मधोमध उचलली जाते, दार घासतं. ती माती वावरात न्या. जोत्यात मुरूम भरा, सहा-सात इंचांचे थर करून, पाणी मारून, धुमसाने ठोकून. नुसत्या रेतीचा थर टाकायचा सल्लाही अनेक जण देतात. रेती स्वतः फुगत नाही हे खरं, पण ती पाणी साठवून खालच्या काळ्या मातीला पाजत राहते. मुंबई आयआयटीतल्या प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा सुमारे मीटरभर जाड थर द्यायची पद्धत मांडली. आपल्याकडचा चांगला मुरूम त्या कामाला येतो.

कूलर, न्हाणी आणि कडुनिंब

काळी माती नुसती ओली किंवा नुसती कोरडी असली तर फारसा त्रास देत नाही. एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा झाला की घर मोडतं. आणि हा फरक आपणच तयार करतो.

कूलर घ्या. आपल्याकडे एप्रिल ते जून कूलरशिवाय घर चालत नाही. कूलर खिडकीत बसतो, टाकी गळते, पाइप निघालेला असतो आणि तीन महिने रोज पाणी भिंतीच्या बुडाशी एकाच जागी मुरतं. बाकी सगळी जमीन तेव्हा भेगाळलेली असते, फक्त त्या खिडकीखालची माती फुगून वर येते. अशी किती घरं दाखवू! कूलरसाठी नकाशातच जागा द्या: खाली ओटा, ओट्याला उतार, उताराला नाली. आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला झरोका ठेवा, नाहीतर थंडावा येत नाही, नुसता घाम येतो.

न्हाणीच्या पाण्याचंही तसंच. काकांच्या घरी मी शोषखड्डा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापासून चार फुटांवर दाखवला होता. काळ्या मातीत पाणी लवकर खाली मुरत नाही, ते तिथेच तुंबतं आणि बाजूला सरकतं. शोषखड्डा मुरूम लागेपर्यंत खोल हवा आणि घरापासून निदान वीस फूट लांब हवा. तितकी जागा नसेल तर सांडपाणी बंद पाइपने परसातल्या केळीला द्या.

छपराचं पाणी पन्हाळीतून लांब सोडा. घराभोवती निदान तीन फूट रुंदीचा, बाहेर उतरता पक्का पट्टा करा आणि तो दरवर्षी मृगाआधी तपासा. झाडाचं दुःख वेगळं आहे. दारातला कडुनिंब सावली देतो, पण उन्हाळ्यात मुळांनी खालची माती शोषून कोरडी करतो. जितकं उंच झाड होणार, तितकं अंतर घरापासून ठेवावं. आधीपासून मोठं झाड असेल तर ते लगेच तोडूही नका. इतकी वर्षं कोरडी राहिलेली माती अचानक पाणी धरते आणि उलट फुगते. झाड राखून घर सरकवा.

नाला कोरडा आहे म्हणून निश्चिंत होणं

नाल्याकाठचा प्लॉट स्वस्त मिळतो, आणि मे मध्ये पाहिला तर त्यात बकऱ्या चरत असतात. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पाण्याने मोवाड एका सकाळीत उद्ध्वस्त झालं, ही गोष्ट नरखेड-काटोल भागात अजून घरोघरी सांगितली जाते. मोठ्या नद्यांवर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचं नाही. पण गावाच्या नाल्याला अशी रेषा बहुधा आखलेलीच नसते. तिथे बाभळीच्या फांद्यांत अडकलेलं गवत बघा, आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीला विचारा की पाणी कुठल्या ओसरीला लागलं होतं. जोतं त्याच्या वर दोन फूट घ्या. भराव घालून पाण्याची वाट अडवू नका. तुमचं घर वाचेल आणि शेजाऱ्याचं बुडेल.

गावठाणात शेजाऱ्याच्या भिंतीलगत खोदणं

बारा-पंधरा फूट रुंद, साठ फूट लांब, दोन्ही बाजूंना जुन्या मातीच्या भिंती: गावठाणात अशी पट्टीच वाट्याला येते. भावाभावांत वाटणी झाली की आणखी अरुंद. लोक आधी सगळं जुनं घर पाडून टाकतात. शेजाऱ्याची भिंत आपल्या घराच्या आधाराने उभी होती आणि आता ती उघडी पडली, हे पाऊस आल्यावर कळतं. सामाईक भिंतीलगतचा पाया चार-पाच फुटांच्या तुकड्यांत खोदा आणि एक तुकडा भरून झाल्याशिवाय पुढचा उघडू नका. हे काम पावसाळ्यात काढूच नका. उघड्या भिंतीला ताडपत्री आणि टेकू द्या. त्याआधी शेजारच्या काकूंच्या घरी जाऊन त्यांच्या भिंतीत आहेत त्या भेगांचे फोटो दोघांच्या साक्षीने काढा. पुढची भांडणं तिथेच मिटतात.

अशा पट्टीत पुढून मागे सलग स्लॅब टाकला की मधल्या खोल्या दिवसाही अंधारात राहतात. जुन्या वाड्यांतला चौक विसरू नका. आठ बाय आठचा असला तरी चालेल, हवा आणि उजेड दोन्ही तिथून येतात. चौकातलं पाणी मात्र पक्क्या नालीने थेट रस्त्यापर्यंत न्या.

उन्हाबद्दल थोडक्यात. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या आसपास सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा दक्षिणेची भिंत तापत नाही, छत आणि पश्चिमेची भिंत तापते. पश्चिमेला मोठ्या काचेच्या खिडक्या ठेवू नका. तिकडे न्हाणी, जिना, धान्याची खोली ठेवा आणि गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या. सेवाग्रामच्या बापू कुटीत दुपारी एकदा बसून या. खाली उतरलेलं कवेलूंचं छप्पर आणि जाड मातीच्या भिंती काय करतात ते कळेल.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक सांभाळावं लागतं. बोअरचं खारं पाणी काँक्रीटमध्ये आणि क्युरिंगला वापरलं की आतलं लोखंड गंजतं आणि काही वर्षांत स्लॅबचे पापुद्रे निघतात. लोखंडाच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको. टँकर महाग वाटतो, पण तो मागवा. आणि ताडोबा किंवा मेळघाटाच्या काठावर, जिथे वाघ-बिबट्यांची भीती असते, तिथल्या घरांत संडास परसात टाकू नका, घरातच घ्या. ढोरांचा कोठा बंद दाराचा आणि घराला लागून ठेवा, मागची झुडपं साफ ठेवा.

भेगा पडल्याच असतील तर

लगेच सिमेंट भरू नका. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, आणि भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवा; भेग हलली की ती तडकते. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असं वर्षभर बघा. उन्हाळ्यात वाढणारी, वर रुंद असलेली भेग म्हणजे कोपरा खचतो आहे. पावसात वाढणारी आणि खाली रुंद असलेली म्हणजे कोपरा उचलला जातो आहे. ऋतूंशी संबंध न ठेवता रुंदावतच जाणारी भेग असेल तर वाट पाहू नका, इंजिनिअरला बोलवा.

या वर्षात पाण्याचं सगळं नीट करून घ्या: शोषखड्डा हलवा, पन्हाळी लावा, घराभोवतीचा पट्टा करा, कूलरची गळती थांबवा. बऱ्याच घरांत भेगा तेवढ्यानेच स्थिरावतात. काकांच्या घरी आम्ही हेच केलं. शोषखड्डा बुजवून वीस फूट लांब मुरमापर्यंत नवा घेतला, कोपऱ्याभोवती पट्टा टाकला आणि दोन पावसाळे थांबलो. काचेची पट्टी अखंड राहिली, तेव्हा हिवाळ्यात भेग खरवडून जाळी लावली आणि प्लास्टर केलं.