चालती सायकल पडत का नाही, हे मुलाला कसे समजावावे

मुलाने हा प्रश्न विचारला की बहुतेक मोठी माणसे भोवऱ्याचे उदाहरण देतात. फिरता भोवरा उभा राहतो, तशी फिरती चाके सायकलीला उभी ठेवतात, असे ते उत्तर असते. ते पूर्ण चुकीचे नाही, पण सुरुवात तेथून करू नये.

आधी मुलाच्या तळहातावर एक लांब काठी उभी ठेवावी आणि ती पडू देऊ नकोस, एवढेच सांगावे. थोड्या प्रयत्नांनंतर त्याला ते जमू लागते. काठी डावीकडे कलली की हात डावीकडे न्यायचा, म्हणजे आधार पुन्हा तिच्या खाली येतो. हे त्याच्या तोंडून वदवून घ्यावे. आपण सांगण्याची घाई करू नये.

मग सायकल आणावी. ती फक्त सीटला धरून उभी करावी आणि डावीकडे किंचित कलवावी. हँडल आपोआप डावीकडे वळते. चालत्या सायकलीत पुढचे चाक असे वळले की दोन्ही चाके कललेल्या बाजूला सरकतात आणि पडू पाहणाऱ्या वजनाच्या खाली जाऊन पोहोचतात. तळहाताचे काम येथे चाके करतात. मात्र चाक आडवे सरकू शकत नाही, पुढे घरंगळत असेल तरच ते वळून बाजूला जाऊ शकते, म्हणून उभ्या सायकलीत हँडल वळूनही ती पडते. शाळेतल्या हळू सायकल चालवण्याच्या शर्यतीत स्पर्धकांची हँडले एवढी का हलतात, हे मुलाला विचारून पाहावे: वेग कमी असला की तेवढेच बाजूला सरकण्यासाठी हँडल पुष्कळ जास्त वळवावे लागते.

पुरावा हवा असल्यास टायर ओले करून कोरड्या फरशीवर सायकल सरळ चालवायला सांगावी. पुढच्या चाकाची ओली रेघ नागमोडी उमटते आणि मागच्या चाकाच्या रेघेला पुन्हा पुन्हा छेदून जाते. आपण सरळ गेलो असे मुलाला वाटत असते, त्यामुळे हा भाग सर्वांत रंगतो.

आता भोवऱ्याकडे वळावे. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1970 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असा प्रयोग आहे: पुढच्या चाकाशेजारी जमिनीला न टेकणारे दुसरे चाक बसवून ते उलट फिरवले, म्हणजे भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला, तरीही ती सायकल चालवता आली. स्वाराविना ढकलल्यावर मात्र ती लवकर पडली. पुढे 2011 साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतील संशोधकांनी भोवऱ्याच्या परिणामाशिवाय, वजनाची मांडणी बदलून, स्वाराविनाही तोल सांभाळणारी लहानशी सायकल बनवली. फिरती चाके हँडल वळण्यास मदत करतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही.

एवढे समजले की सायकल शिकवताना हँडल धरू नये, सीट धरावी, हेही मुलाला पटते. हँडल घट्ट धरून धावणारे वडील नेमकी तोल सावरणारी हालचालच रोखत असतात.